गुलाबी किती गडद?

१९३५ साली जर्मनीतल्या गेरहार्ड डोमाक यांनी एका लालभडक औषधावरचा निबंध प्रसिद्ध केला. औषधाचे नाव प्रोन्टोसिल. कापड रंगवायच्या रंगांच्या कुळातला हा पदार्थ. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या लागणीने हमखास मरणारे उंदीर त्याने जगत होते, आणि पुढे माणसेही जगू लागली. एक गोष्ट मात्र उलगडत नव्हती. परीक्षानळीत जंतू आणि प्रोन्टोसिल एकत्र ठेवले, तर जंतूंना काहीच होत नसे. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ट्रेफुएल पतिपत्नी, नित्ती आणि बोव्हे यांनी हे कोडे सोडवले. शरीरात गेल्यावर प्रोन्टोसिलचा रेणू तुटतो, रंग नाहीसा होतो आणि मागे सल्फानिलमाइड नावाचा रंगहीन पदार्थ उरतो. जंतूंशी झुंजतो तो हा पदार्थ. लाल रंगाचा गुणाशी काही संबंधच नव्हता.

सल्फानिलमाइड १९०८ मध्येच व्हिएन्नात तयार झालेले होते, त्यामुळे ते बनवायला आता कोणालाही मोकळीक होती. दोनेक वर्षांत जगभर त्याच्या गोळ्या, पुड्या, मिश्रणे निघाली. डॉक्टरांपुढे मात्र नवाच पेच होता. रोग्याला द्यायचे किती? कमी पडले तर जंतू उरतात, जास्त झाले तर रोगी निळा पडतो, उलट्या करतो, त्याचे मूत्रपिंड बिघडते. यासाठी त्याच्या रक्तात या घडीला किती सल्फानिलमाइड आहे, हे कळायला हवे. आणि रक्ताच्या काही थेंबांत विरघळलेली, न दिसणारी, मिलिग्रॅमच्या अंशांतली पूड तराजूवर कशी तोलणार?

हे काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एली केनर्ली मार्शल यांनी अंगावर घेतले. मार्शल मूत्रपिंडाचे जाणकार होते. शरीर एखादा पदार्थ किती वेगाने बाहेर टाकते, हे आकड्यांत मांडण्याची त्यांना सवय होती. त्यांनी केले ते असे: शरीराने जो रंग पुसला होता, तो परीक्षानळीत पुन्हा आणला. १९३७ मध्ये त्यांनी पहिली कृती दिली आणि १९३९ मध्ये ब्रॅटन या सहकाऱ्याबरोबर ती सुधारून प्रसिद्ध केली. औषध-विश्लेषणाच्या प्रयोगशाळांत ब्रॅटन-मार्शल हे जोडनाव आजही रोजच्या बोलण्यात आहे.

कृतीमागचे रसायनशास्त्र त्यांच्या आधी ऐंशी वर्षे तयार होते. १८५८ मध्ये पेटर ग्रीस यांना असे आढळले होते, की बेंझीनच्या कड्याला चिकटलेल्या अमाइन गटावर थंड, आम्लयुक्त द्रावणात नायट्रस आम्लाची क्रिया केली, तर दोन नायट्रोजन अणूंची जोडी असलेला एक उतावळा पदार्थ तयार होतो. त्याला डायझो संयुग म्हणतात. योग्य असे दुसरे कडे समोर आले की तो त्याला जाऊन जुळतो आणि झगझगीत रंग तयार होतो. साऱ्या अझो रंगांचा कारखाना या एका क्रियेवर उभा राहिला. ग्रीस स्वतः पुढे इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावी बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करत असत, आणि नोकरी सांभाळून हे संशोधन चालू होते. प्रोन्टोसिल हाही अझो रंगच. शरीर त्यातली नायट्रोजनची जोडी तोडते, मार्शल यांनी तशीच जोडी सल्फानिलमाइडवर पुन्हा घडवली.

प्रत्यक्षात ती कृती अशी चालते. रक्त विरल करून त्यातली प्रथिने ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने साकळून घ्यायची आणि गाळायची. खाली स्वच्छ, पाण्यासारखा द्रव येतो. त्याच्या दहा मिलिलिटरमध्ये सोडियम नायट्राइटचे एक मिलिलिटर द्रावण टाकून तीन मिनिटे थांबायचे. अजून काही दिसत नाही. मग अमोनियम सल्फामेट. ते टाकताच नळीत बारीक बुडबुडे उठतात. उरलेले जास्तीचे नायट्राइट मोडून नायट्रोजन वायू होऊन निघून जात असते. ही पायरी घाईत उरकली की पुढचे सगळे फसते, कारण शिल्लक राहिलेले नायट्राइट शेवटी टाकायच्या अभिकर्मकावरच तुटून पडते. दोन मिनिटांनी तो अभिकर्मक टाकायचा. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे, एन-वन-नॅफ्थिल-इथिलीन-डायअमाइन. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘एनईडी’ म्हणतात. एनईडी पडताच रंगहीन द्रव गुलाबी होतो. औषध जास्त असेल तर तो थेट जांभळट-लाल होतो. भिंतीला चिकटलेले बुडबुडे मात्र नळी टिचकावून घालवायला लागतात, नाहीतर ते प्रकाश विखरतात आणि रीडिंग उगाच वर जाते.

गुलाबी झाला, म्हणजे औषध आहे, एवढे डोळ्यांनीच कळले. किती आहे हे डोळ्यांवर सोडता येत नाही.

याचे उत्तर फ्रान्समधल्या प्येर बूगेर यांनी १७२९ मध्ये शोधायला घेतले होते, तेही औषधांचा विचार मनात नसताना. सूर्याचा प्रकाश हवेतून येताना किती मंदावतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांना दिसले, की सारख्या जाडीचा प्रत्येक थर येणाऱ्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा गिळतो. पहिल्या थराने निम्मा गिळला तर दुसरा उरलेल्याचा निम्मा गिळेल, म्हणजे पाव शिल्लक, मग आठवा भाग. लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये हे गणितात नीट बांधले. १८५२ मध्ये ऑगस्ट बेअर यांनी रंगीत द्रावणांवर प्रयोग करून दाखवले, की थराची जाडी वाढवणे आणि द्रावणातला पदार्थ वाढवणे यांचा परिणाम एकाच पद्धतीचा असतो. कोकमाचे सरबत एका पेल्यात अर्धे भरले आणि तेवढेच पाणी घालून पेला पूर्ण केला, तर वरून खाली पाहताना रंग तेवढाच गडद दिसतो. पदार्थ निम्मा विरळ झाला, पण वाट दुप्पट लांब झाली.

आत गेलेला प्रकाश बाहेर आलेल्याच्या किती पट आहे, याचे लॉगरिथम घेतले की त्याला शोषकता म्हणतात, आणि ती पदार्थाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते. शोषकता १ म्हणजे दहातला एक भाग प्रकाश पार झाला. शोषकता २ म्हणजे शंभरातला एक. म्हणून अनुभवी विश्लेषक ०.२ ते ०.८ च्या आसपासचे रीडिंग धरून चालतात. फार गडद द्रावणात पलीकडे पोचणारा प्रकाशच इतका थोडा असतो, की उपकरणात भटकून आलेला किंचितसा प्रकाशही हिशेब चुकवतो. रीडिंग २.३ आले तर ते वहीत न उतरवता द्रावण विरल करायचे. गुलाबी द्रावण हिरवा प्रकाश खाते, म्हणून मोजायचा तो हिरवा, ५४५ नॅनोमीटरच्या आसपासचा. गुलाबी द्रावणावर लाल प्रकाश टाकला तर तो जवळजवळ तसाच पलीकडे जाईल आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

मार्शल यांच्या कृतीचे खरे मोल पुढच्या एका पायरीत आहे. शरीर सल्फानिलमाइडच्या काही रेणूंना ॲसिटिल गट चिकटवते. अशा रेणूचा अमाइन गट झाकला जातो, तो डायझो होऊ शकत नाही आणि रंगही देत नाही. जंतूंवरही तो निकामी ठरतो. म्हणजे गुलाबी रंग फक्त कामाचे औषध मोजतो. मग त्याच गाळलेल्या द्रवाचा दुसरा भाग आम्लात तापवायचा. ॲसिटिल गट सुटतो आणि सगळेच रेणू रंग देऊ लागतात. दुसऱ्या रीडिंगमधून पहिले वजा केले की शरीराने किती औषध निकामी केले ते कळते. पुढे त्याच सल्फा कुळातून आलेल्या सल्फापिरिडीन आणि सल्फाथायझोलच्या बाबतीत हा आकडा जिवाचा प्रश्न होता, कारण त्यांचे ॲसिटिल रूप पाण्यात फार कमी विरघळते आणि मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. सल्फाची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या, असे डॉक्टर बजावत ते यामुळेच. औषधाचा डोस रक्तातल्या पातळीवरून ठरवायचा, हा आज साधा वाटणारा विचार रुजायला या गुलाबी रीडिंगांची मोठी मदत झाली.

पण हा रंग सल्फाच्या एकट्याच्या मालकीचा नाही. बेंझीनच्या कड्यावर मोकळा अमाइन गट असलेला कोणताही पदार्थ एनईडीबरोबर असाच रंगतो. भूल द्यायला टोचलेले प्रोकेन रंगते. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन रंगते. रोगी गोळ्या नियमाने घेतो का, हे बघायला त्याच्या लघवीतले डॅप्सोन या मार्गानेही मोजले गेले आहे. फॉलिक आम्ल तसे रंगत नाही, पण जस्ताच्या पुडीने त्याचे क्षपण केले की त्यातून मोकळा अमाइन बाहेर येतो. गरोदर स्त्रियांना देण्याच्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या याच गुलाबीवर मोजता येतात. उलट दिशेनेही गंमत आहे: सल्फानिलमाइड आणि एनईडी भरपूर घेऊन नायट्राइट अज्ञात ठेवले, तर हाच रंग पाण्यातले नायट्राइट मोजतो. विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याच्या तपासणीत ही चाचणी नेहमीची आहे.

तेव्हा गुलाबी रंग ‘सल्फा आहे’ असे म्हणत नाही, ‘मोकळा अमाइन एवढा आहे’ एवढेच म्हणतो. त्याचे उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतेच असते. हे विसरल्याची किंमत किती असू शकते, ते १९३७ च्या शरद ऋतूत अमेरिकेने पाहिले. टेनेसी राज्यातल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलमाइडचे गोड, रासबेरीच्या चवीचे पातळ औषध बाजारात आणले. ही पूड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यांनी डायइथिलीन ग्लायकॉल वापरले. शंभराहून जास्त माणसे दगावली, त्यांत मुले बरीच होती. त्या बाटलीतले सल्फानिलमाइड कितीही काटेकोर मोजले असते, तरी डायइथिलीन ग्लायकॉल त्या चाचणीत दिसलेच नसते. त्यात अमाइन नाही, बेंझीनचे कडे नाही, दृश्य प्रकाशात शोषकता नाही. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवायला लावणारा १९३८ चा अमेरिकन कायदा या मृत्यूंनंतर झाला.

आपल्याकडे हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शिरले. मेंदूवरचा दाब कमी करायला रुग्णांना ग्लिसरॉल देत, आणि त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुढे जे मांडले, ते महाराष्ट्रातल्या औषध प्रशासनाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. दोन्ही घटनांत न विचारलेल्या प्रश्नानेच बळी घेतले. बाटलीवर लिहिलेला पदार्थ आत किती आहे, एवढे विचारून भागत नाही. आत आणखी काय आहे, हे वेगळ्या चाचण्यांनी वेगळे विचारावे लागते.

रंग आणायची खटपट दरवेळी करावी लागते असेही नाही. बऱ्याच औषधांना माणसाच्या डोळ्याला न दिसणारा रंग असतो. ती जंबुपार प्रकाश शोषतात. पॅरासिटामॉलची पूड पांढरी दिसते, पण तिच्या अल्कयुक्त द्रावणावर २५७ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर ती तो आवडीने गिळते. आपल्या घरातल्या तापाच्या गोळीची औषधकोशातली एक जुनी, सोपी चाचणी यावर बेतलेली आहे, आणि ती एकदा आकड्यांसह बघण्यासारखी आहे.

वीस गोळ्या एकत्र तोलायच्या. समजा ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्यांचे वजन ११.६ ग्रॅम भरले, म्हणजे सरासरी गोळी ५८० मिलिग्रॅमची. वरचे ८० मिलिग्रॅम म्हणजे स्टार्च आणि गोळी बांधायला लागणारे इतर पदार्थ. गोळ्या खलात बारीक घोटायच्या आणि दीडशे मिलिग्रॅम पॅरासिटामॉल येईल एवढी पूड घ्यायची, या हिशेबाने १७४ मिलिग्रॅम. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी घालून पंधरा मिनिटे हलवायची, २०० मिलिलिटरपर्यंत पाणी भरायचे आणि गाळायचे. स्टार्च गाळणकागदावर राहतो, औषध खाली उतरते. त्यातले दहा मिलिलिटर शंभरपर्यंत वाढवायचे आणि त्यातले दहा पुन्हा शंभरपर्यंत, या वेळी थोडे सोडियम हायड्रॉक्साइड घालून. आता मिलिलिटरमागे ७.५ मायक्रोग्रॅम पॅरासिटामॉल उरले पाहिजे.

हे द्रावण क्वार्ट्झच्या एक सेंटिमीटर रुंद क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या चौकोनी नळीत, भरायचे. साधी काच चालत नाही, ती स्वतःच जंबुपार प्रकाश अडवते. क्युव्हेटच्या दोन बाजू खरबरीत असतात, बोटे तिथेच लावायची. पारदर्शक बाजूवर उमटलेला तेलकट ठसाही प्रकाश खातो आणि तो औषधाच्या नावावर जमा होतो. आधी औषध नसलेले, बाकी सगळे तेच असलेले द्रावण ठेवून यंत्र शून्यावर आणायचे, मग नमुना. एक टक्का पॅरासिटामॉलच्या द्रावणाची एक सेंटिमीटर जाडीतली शोषकता ७१५ धरतात, म्हणून गोळी लेबलाप्रमाणे असेल तर रीडिंग ०.५३६ यायला हवे. समजा ०.५२० आले, तर गोळीत सरासरी ४८५ मिलिग्रॅम आहे, ९७ टक्के. मर्यादा ९५ ते १०५ टक्क्यांची आहे, गोळी पास. ०.४९० आले असते तर ४५७ मिलिग्रॅम, गोळी नापास. या पास-नापासात पिपेटचा एक थेंबही वजन राखतो, कारण दोनदा दहापट विरल करताना झालेली चूक शेवटी गोळीच्या माथी बसते.

वीस गोळ्यांच्या सरासरीत एक खाच आहे. सरासरी बरोबर असूनही काही गोळ्यांत जास्त आणि काहींत कमी औषध असू शकते. पॅरासिटामॉलसारख्या मोठ्या डोसात फारसे बिघडत नाही, कारण गोळीचा बहुतेक भाग औषधच असतो. पण ज्या गोळीत औषध अवघे काही मिलिग्रॅम आणि बाकी सगळी पूरक पूड, तिथे मिश्रण नीट झाले नाही तर एक गोळी पोकळ आणि शेजारची घातक होते. म्हणून अशा औषधांच्या दहा गोळ्या एकेक करून वेगवेगळ्या मोजतात. कारखान्यातल्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटते, पण सगळ्या तपासणीत रोग्याच्या सर्वांत जवळचे काम हेच आहे. रोगी सरासरी गिळत नाही, एक गोळी गिळतो.

क्षयावरचे रिफॅम्पिसिन जात्याच रंगीत आहे, विटकरी-तांबडे. त्याच्या गोळ्या चालू असल्या की लघवी नारिंगी होते, आणि आरोग्यसेवक त्यावरून औषध पोटात गेले की नाही हे ओळखतात. याची चाचणी अगदी सोपी: योग्य आम्लतेच्या द्रावणात विरघळवायचे आणि ४७५ नॅनोमीटरवर शोषकता घ्यायची. पण इथेच रंगाची मर्यादा ठळक दिसते. हवेने रिफॅम्पिसिनचे क्विनोन होते, तेही रंगीत आणि त्याच पट्ट्यात प्रकाश खाणारे. क्षयावरची चार औषधे एका गोळीत बांधली की आम्लात रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड एकमेकांशी क्रिया करतात, आणि त्यातून निघणारा पदार्थही रंगीतच असतो. ४७५ वरचे रीडिंग या सगळ्यांची बेरीज दाखवते. गोळी जुनी होऊन निम्मी कामातून गेली असली, तरी रंग जवळजवळ तसाच राहू शकतो. म्हणून अशा ठिकाणी एचपीएलसी लागते. त्यात सूक्ष्म कणांनी भरलेल्या नळीतून औषधे एकामागोमाग एक वेगळी होऊन बाहेर पडतात. लाखो रुपयांच्या त्या यंत्राच्या शेवटी डिटेक्टर असतो, तो बहुतेक वेळा पुन्हा प्रकाशाची शोषकताच मोजतो. फरक एवढाच, की त्याच्यासमोर आता एका वेळी एकच पदार्थ येतो.

काही औषधे मात्र दृश्य प्रकाशात काही शोषत नाहीत आणि जंबुपारातही नावापुरतीच शोषतात. हिवतापावरचे आर्टेसुनेट त्यांतलेच. १९९० च्या दशकाअखेर आग्नेय आशियात त्याच्या नकली गोळ्यांचा सुळसुळाट झाला. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात कंबोडिया, लाओस, म्यानमार, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या दुकानांतून विकत घेतलेल्या १०४ नमुन्यांपैकी ३८ टक्क्यांत आर्टेसुनेट अजिबात नव्हते. जंगलातल्या दवाखान्यात एचपीएलसी नेता येत नाही. अटलांटाच्या सीडीसी या संस्थेतल्या मायकेल ग्रीन यांनी २००० मध्ये त्यासाठी साधी रंगचाचणी दिली. गोळीचा किंचित चुरा अल्कामध्ये विघटित करायचा आणि त्यात फास्ट रेड टीआर नावाचा तयार डायझो क्षार टाकायचा. आर्टेसुनेट असेल तर द्रव पिवळा होतो. कापडगिरणीच्या रंगांसाठी जन्मलेली ग्रीस यांची क्रिया इथे पुन्हा कामाला लागली, या वेळी खऱ्या-खोट्याच्या निवाड्यासाठी.

नकली माल करणाऱ्यांनी लवकरच उतारा काढला. पुढच्या वर्षांत सापडलेल्या काही खोट्या गोळ्यांत आर्टेसुनेट होते, पण ५० मिलिग्रॅमच्या जागी जेमतेम दहा-बारा मिलिग्रॅम. काहींत ताप उतरवायला पॅरासिटामॉलही होते. रोग्याला दोन दिवस बरे वाटते, रक्तातले परजीवी वाढत राहतात, आणि अपुऱ्या मात्रेला सरावलेले परजीवी मागे उरतात. एवढेसे आर्टेसुनेट घालण्याचा हेतू बहुधा हाच, की चाचणीत पिवळा रंग यावा. ‘रंग आला का’ एवढेच विचारणारी तपासणी अशा गोळीला खरी ठरवते. ही लबाडी उघडी पडते ती शेजारी ठाऊक मात्रेचे प्रमाण द्रावण ठेवून दोन्हींची शोषकता बॅटरीवरच्या छोट्या फोटोमीटरने घेतली तर. ५० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे रीडिंग ०.५० असेल, तर दहा मिलिग्रॅमच्या गोळीचे ०.१० भरते. डोळ्यांना दोन्ही पिवळेच दिसतात.